वाचून झिजलेले अंक

अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सचा अभ्यास करायचा म्हटले की नवख्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी किमती येतात. एप्रिल २०२४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत लिलावात ६० लाख डॉलरला गेली. १९३८ साली तिची किंमत १० सेंट होती. असल्या बातम्या वाचून हा श्रीमंतांचा छंद आहे, आपले तिथे काम नाही, असे कुणालाही वाटेल. हा समज दारातच उतरवून ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे. या विषयाचा बहुतांश ऐवज आजही कमालीचा स्वस्त आहे, आणि स्वस्त आहे म्हणूनच तो हाताळता येतो, उलगडता येतो, भिंगाखाली धरता येतो.

अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांत टेबलाखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचे लांबट खोके असतात. त्यांना लाँग बॉक्स म्हणतात. भिंतीवर टांगलेले, प्लास्टिकच्या वेष्टनातले अंक पाहायला गर्दी होते; या खोक्यांतले अंक मात्र एक-दोन डॉलरला एक असे विकले जातात. त्यांत १९७०-८० च्या दशकांतले ‘मार्व्हल टीम-अप’, ‘मार्व्हल टू-इन-वन’, ‘पॉवर मॅन अँड आयर्न फिस्ट’, ‘रॉम’ असे कितीतरी अंक सापडतात. ते स्वस्त का, याचे कारण सरळ आहे. त्यांत कुठलाही प्रसिद्ध नायक पहिल्यांदा अवतरत नाही, कुणी गाजलेले पात्र मरत नाही, आणि त्या काळापर्यंत अंक जपून ठेवणारे वाचक पुष्कळ झाले होते. १९४० च्या दशकातले अंक युद्धकाळच्या कागद-गोळा मोहिमांत लगद्यात गेले. १९७५ चे अंक माळ्यावर टिकले. पुढे तर अतिरेकच झाला. १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि ८० लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या त्या प्रती आता याच खोक्यांत पडून असतात.

कडा फाटलेली, पिनांपाशी गंजलेली, मुखपृष्ठावर कुणी बॉलपेनने आपले नाव घातलेली प्रत असेल तर व्यापारी तिला ‘रीडर कॉपी’ म्हणतात. विकत घेऊन पैसा वाढणार नाही, वाचायला चालेल, असा त्याचा अर्थ. या पुस्तकाचा सगळा भर अशाच प्रतींवर आहे. २००० सालापासून अमेरिकेत अंकाला दहापैकी गुण देऊन तो कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देण्याची सोय झाली आहे. पेटी उघडली की प्रमाणपत्र गेले. त्यामुळे लाखो डॉलर मोजलेल्या अंकाचे मुखपृष्ठ तेवढे दिसते. आतली पाने मालकालाही वाचता येत नाहीत. अभ्यासकाला अशा प्रतीचा काही उपयोग नाही. त्याला हवी ती उघडणारी प्रत, आणि ती चहाच्या पैशांत मिळते.

आता कोणी म्हणेल, गाजलेल्या कथा तर चांगल्या आर्ट पेपरवर, पक्क्या बांधणीत पुन्हा छापल्या आहेत, संगणकावरही वाचता येतात; मग पिवळ्या पडलेल्या रद्दीत हात कशाला घालायचा? याचे उत्तर एका उदाहरणात देतो. मे १९६२ ची तारीख असलेल्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’च्या पहिल्या अंकात हल्क करड्या रंगाचा आहे. छापखान्यात तो करडा रंग धड उतरेना. एका पानावर गडद, दुसऱ्यावर फिकट. म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. आज जगभरची मुले ज्याला हिरवा राक्षस म्हणून ओळखतात, त्याचा रंग छपाईच्या अडचणीतून ठरला आहे. पुढे अनेक वर्षे त्या पहिल्या कथेच्या पुनर्मुद्रणांत त्याला मागाहून हिरवे रंगवले गेले. पुनर्मुद्रण वाचणाऱ्याला ही हकिगत कळायला मार्गच उरला नाही. मूळ अंक, किंवा निदान त्याची जशीच्या तशी प्रतिमा, पाहिल्याशिवाय या क्षेत्रात ठाम विधान करू नये, हा पहिला धडा.

या अंकांचा आकार कुठून आला हेही छापखान्यातच सापडते. कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरी गावी ईस्टर्न कलर नावाचा छापखाना रविवारच्या वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या छापत असे. टॅब्लॉइड पानाची आणखी एक घडी घातली तर लहान मुलाच्या हातात मावेल असे पुस्तक होते, हे १९३३ च्या सुमारास तिथल्या विक्रेत्यांच्या लक्षात आले. आधी अशी पुस्तके जाहिरातीसाठी फुकट वाटली गेली. मग १९३४ मध्ये ‘फेमस फनीज’ १० सेंटला पेपरच्या स्टॉलवर आले आणि चालले. म्हणजे कॉमिक बुक नावाची वस्तू कुणा कलावंताने कल्पून केलेली नाही. ती वर्तमानपत्राच्या यंत्रातून आणि घडीतून निघाली आहे. तिचा कागदही वर्तमानपत्राचाच, स्वस्त लगद्याचा. त्यातले लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळे पडते, कागद आम्लाने ठिसूळ होतो, आणि त्या विघटनातूनच जुन्या अंकाला तो ओळखीचा, किंचित गोडसर वास येतो.

चार वर्षांनी, जून १९३८ ची तारीख घातलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. क्लीव्हलँडच्या जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन त्यात होता. पण ६४ पानांच्या त्या अंकात सुपरमॅनची पाने फक्त १३. बाकीच्या पानांत इतर कथा आहेत, आणि त्यांतल्या एका कथेचा नायक झटारा नावाचा जादूगार आहे. उंच टोपी, कोट, ऐटबाज मिशी. इंद्रजाल कॉमिक्स वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला त्याच्यात मँड्रेक लगेच दिसेल. ली फॉकचा मँड्रेक १९३४ पासून अमेरिकी वर्तमानपत्रांत येत होता, आणि त्याचाच फँटम १९३६ पासून. अंगाला घट्ट बसणारा वेश आणि चेहऱ्यावर मुखवटा घातलेला फँटम सुपरमॅनच्या दोन वर्षे आधीचा आहे. सुपरमॅन आकाशातून एकाएकी पडला, अशी जी समजूत आहे ती त्या १३ पानांचेच पुनर्मुद्रण वाचत राहिल्याने झाली आहे. पूर्ण अंक चाळला की त्याचे नातेवाईक दिसू लागतात.

सीगेल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले. १९४७ मध्ये ते कोर्टात गेले, नोकरी गेली, आणि अंकांवरून त्यांची नावेही गेली. डिसेंबर १९७५ मध्ये, त्यांच्या म्हातारपणी, सुपरमॅनच्या प्रकाशक कंपनीने त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे आणि नावे परत छापण्याचे मान्य केले. सुपरमॅनचा १९६० च्या दशकातला एखादा अंक आणि १९७८ चा एखादा अंक शेजारी ठेवून पहिले पान पाहावे. छोट्या अक्षरांतल्या दोन नावांचा तेवढा फरक आहे, पण तो पाहिल्यावर या धंद्याविषयी बरेच काही कळते. बॅटमॅनचे तसेच. १९३९ पासून बॉब केन हे एकच नाव छापले गेले. ज्याने त्या नायकाचा वेश, त्याचे शहर आणि कितीतरी कथा घडवल्या त्या बिल फिंगरला अधिकृत श्रेय २०१५ साली मिळाले, त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी. अंकावर काय छापले आहे याइतकेच काय छापलेले नाही हेही वाचायला शिकावे लागते.

कालखंडांची नावे अभ्यासकाला माहीत असावीत, पण त्यांत अडकून पडू नये. १९३८ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत ‘सुवर्णयुग’. १९५६ साली ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात नवा फ्लॅश आला तेव्हापासून ‘रौप्ययुग’. १९७० च्या आसपास ‘कांस्ययुग’. ही नावे मुख्यतः संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी रूढ केली आणि ती किमतीचा दर्जा सुचवतात. कांस्ययुगातल्या अंकांना त्यामुळे उगीच कमीपणा आला. माझ्या मते अमेरिकी मुख्य धारेतले चित्रकथन जितके बेधडक १९७० ते १९८० या काळात झाले तितके आधी झाले नव्हते, आणि या तीन युगांत हाच काळ आज सर्वांत स्वस्त मिळतो.

रंगांकडे थोडा वेळ थांबू, कारण या जुन्या अंकांची अर्धी मोहिनी रंगांत आहे. एखादा १९७४ चा अंक घ्या आणि साध्या भिंगातून नायकाचा गाल पाहा. गुलाबी रंग नाहीसा होतो आणि पिवळे व लाल ठिपके वेगवेगळे दिसू लागतात. अनेकदा लाल ठिपक्यांची रांग किंचित सरकलेली असते, मग ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. छपाई चार शायांची: पिवळी, लाल, निळी, काळी. पहिल्या तीन शाया प्रत्येकी कोऱ्या, २५ टक्के, ५० टक्के किंवा पूर्ण, अशा चार पातळ्यांत वापरल्या जात. चार गुणिले चार गुणिले चार, एकूण ६४ रंग. एवढ्याच भांडवलावर आकाशगंगा, समुद्रतळ, न्यूयॉर्कच्या संध्याकाळी आणि आगीचे लोळ उभे केलेले आहेत.

रंगकार चित्राच्या छायाप्रतीवर पाण्याच्या रंगांनी नमुना रंगवी आणि प्रत्येक भागाशेजारी संकेत लिही. ‘वाय २ आर २’ म्हणजे पिवळा २५ टक्के, लाल २५ टक्के: गोऱ्या माणसाची कातडी. तो नमुना मग कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी केमिकल कलर प्लेट या कंपनीत जाई. तिथे एका पानासाठी नऊ पारदर्शक पत्रे, तीन शायांच्या तीन-तीन पातळ्यांचे, हाताने रंगवून तयार करत. हे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. मजुरी कमी, घाई जास्त, नाव कुठेही नाही. तिथून ठसे इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावी वर्ल्ड कलर प्रेसच्या प्रचंड यंत्रांवर जात. कित्येक वर्षे देशातली बहुतेक कॉमिक्स त्या एका छोट्या गावात छापली गेली. लेखक आणि चित्रकार यांच्याविषयी ग्रंथ निघाले आहेत. ब्रिजपोर्टच्या त्या स्त्रियांवरचा ग्रंथ कुणी तरी लिहायला हवा, आणि त्याची साधने त्या ठिपक्यांतच आहेत.

संकेतांची ही पद्धत निरागस नव्हती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गोऱ्या कातडीला ठरलेला संकेत होता. इतरांच्या वाट्याला जो उरेल तो. चिनी पात्रे लिंबासारखी पिवळी, कृष्णवर्णीय पात्रे कधी करडी तर कधी मातकट. १९६३ साली ‘सार्जंट फ्यूरी’च्या पहिल्या अंकात गेब जोन्स हा कृष्णवर्णीय सैनिक मार्व्हलने मुद्दाम आणला, तर रंग वेगळे करणाऱ्यांनी त्याला गोरा करून टाकला. सैन्याच्या एका तुकडीत काळा आणि गोरा शिपाई एकत्र असू शकतात हे तिथे कुणाच्या गावीच नव्हते. नंतरच्या अंकांत ते दुरुस्त झाले. हे सारे पानावर दिसते. आजच्या चकचकीत आवृत्तीत कातडीचे रंग संगणकाने सुधारलेले असतात, त्यात हा पुरावा पुसला जातो.

या ठिपक्यांना चित्रकलेच्या जगात प्रतिष्ठा मिळाली ती रॉय लिक्टनस्टाइनमुळे. १९६३ चे त्याचे ‘व्हाम!’ हे भव्य चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. ते १९६२ च्या ‘ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर’ या १२ सेंटच्या युद्धकथांच्या अंकातून उचललेले आहे. संग्रहालयात लिक्टनस्टाइनचे नाव मोठे. मूळ चौकट काढणारे चित्रकार मात्र दरपानी मेहनताना घेऊन पुढच्या अंकाला लागले होते. तो अंक आणि ते चित्र एकत्र पाहिले तर मूळ चौकटीची गतीच मला सरस वाटते.

कथेच्या पानांइतकेच लक्ष बाकीच्या पानांकडे द्यावे. जुन्या अंकातल्या जाहिराती हा त्या काळच्या अमेरिकी मुलाच्या खिशाचा आणि स्वप्नांचा हिशेब आहे. चार्ल्स ॲटलस हडकुळ्या मुलांना पहिलवान करण्याचे वचन देतो. ‘सी-मंकीज’च्या जाहिरातीत मुकुट घातलेले एक हसरे जलकुटुंब दिसते, पाकिटातून येत ती खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी. ते चित्र जो ऑर्लँडो या कॉमिक्समधल्याच नामांकित चित्रकाराने काढलेले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून स्पायडरमॅन आणि बॅटमॅन एका पानाच्या कथेत होस्टेस कंपनीचे केक वाटून गुन्हेगारांना वश करू लागतात. या पानांवर मुले खरोखर काय मागवत होती, कशाने फसत होती, कशाची लाज बाळगत होती ते दिसते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढे सोपे साहित्य दुसरीकडे क्वचित मिळेल.

वाचकांच्या पत्रांचे पान त्याहून मोलाचे. ‘फँटास्टिक फोर’च्या नोव्हेंबर १९६३ च्या विसाव्या अंकात न्यू जर्सीच्या एका शाळकरी मुलाचे उत्साहाने भरलेले पत्र आहे. तो मुलगा जॉर्ज आर. आर. मार्टिन, पुढे ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ लिहिणारा. डीसी कंपनीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापत. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, त्यांतून हौशी पत्रिका निघाल्या, आणि त्यांतूनच या अभ्यासक्षेत्राचा पाया घातला गेला. डेट्रॉइटमध्ये प्राध्यापकी करणाऱ्या जेरी बेल्स यांनी १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ ही पत्रिका सुरू केली. मिसूरीचा तरुण शिक्षक रॉय थॉमस त्यांच्या जोडीला होता. तो १९७२ मध्ये मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. कोणती कथा कुणी लिहिली, कुणी काढली, याचा छडा बेल्स आणि त्यांच्या मित्रांनी सही नसलेल्या पानांची रेघ न् रेघ ताडून लावला. आज आपण ज्या सूच्यांवर विसंबतो त्या या माणसांनी पदराला खार लावून केल्या आहेत. त्यांचे ऋण इथे मनापासून मान्य करतो.

पत्रांच्या पानावरच, किंवा त्याच्या आसपास, वर्षातून एकदा बारीक टायपात एक निवेदन येते. टपालात सवलत हवी तर मालकी आणि सरासरी खप जाहीर करावा, असा अमेरिकी टपाल खात्याचा नियम होता. वाचक ते पान उलटून जात. अभ्यासकाने तिथेच थांबावे. किती प्रती छापल्या, किती खपल्या, किती परत आल्या, सगळे त्यात असते. टीव्हीवर बॅटमॅनची मालिका गाजत होती त्या १९६६ साली ‘बॅटमॅन’चा सरासरी खप सुमारे ९ लाख होता, हे आपल्याला अशाच निवेदनातून कळते.

आणि हल्कचा नोव्हेंबर १९७४ चा १८१ वा अंक. लेन वीनने लिहिलेल्या आणि हर्ब ट्रिम्पने काढलेल्या या अंकात वुल्व्हरीन पहिल्यांदा पूर्ण रूपात लढतो, म्हणून चांगल्या प्रतीला आज हजारो डॉलर पडतात. पण त्या वर्षी मार्व्हलने मुलांसाठी एक टूम काढली होती: प्रत्येक अंकात तिकिटासारखे एक छोटे चित्र, ते कापून वहीत चिकटवायचे, शंभर जमवायची. मुलांनी इमाने-इतबारे कात्री चालवली. त्यामुळे या अंकाच्या कितीतरी प्रतींत पत्रांच्या पानावर एक चौकोनी भोक आहे. बाजाराच्या लेखी ती प्रत खराब, किंमत निम्म्याहून खाली. मला ते भोक फार महत्त्वाचे वाटते. अंकाशी मूल कसे वागत होते याचा तो थेट पुरावा आहे, आणि असा पुरावा पेटीबंद अंकात मिळणार नाही.

या क्षेत्रात येणाऱ्याला एका नावाशी सामना करावाच लागतो. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक १९५४ मध्ये आले. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात, असे त्यांचे प्रतिपादन. त्याआधीच गावोगावी शाळांच्या अंगणात कॉमिक्सच्या होळ्या झाल्या होत्या. आता सिनेटच्या उपसमितीपुढे चौकशी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. १९५५ पासूनच्या अंकांवर कोपऱ्यात जो टपालाच्या तिकिटाएवढा शिक्का दिसतो तो त्या संहितेचा. भयकथा संपल्या, गुन्हेकथा संपल्या, कित्येक प्रकाशक बुडाले. २०१० मध्ये वर्थम यांची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक त्यांतल्या टिपणांशी पुस्तक ताडत बसल्या, आणि २०१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की वर्थम यांनी मुलांच्या जबान्या बदलल्या, जोडल्या, सोयीच्या तेवढ्या घेतल्या. एका पिढीच्या वाचनावर गदा आणणारा पुरावाच भेसळीचा होता. तरीही वर्थम यांना खलनायक ठरवून मोकळे होऊ नये. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्कात मानसोपचार केंद्र चालवणारा हाच माणूस होता. मुलांची काळजी त्यांना खरोखर होती. पद्धत चुकीची होती, आणि संशोधनात त्याला माफी नाही.

संहितेचा शिक्का पाहत पाहत पुढे या. १९७१ च्या मे ते जुलै महिन्यांच्या ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’वर (९६ ते ९८) तो नाही. अमेरिकी आरोग्य खात्याच्याच विनंतीवरून मार्व्हलच्या स्टॅन ली यांनी अमली पदार्थांच्या विरोधात कथा लिहिली होती. संहितेला त्या विषयाचा उल्लेखच वर्ज्य, म्हणून शिक्का नाकारला गेला. मार्व्हलने शिक्क्याविना अंक काढले. काही आकाश कोसळले नाही, आणि त्याच वर्षी संहिता सैल करावी लागली. मुखपृष्ठाचा एक रिकामा कोपरा एवढे सांगून जातो.

विद्यापीठांचा प्रवेश बराच उशिरा झाला. ज्युल्स फायफर यांचे ‘द ग्रेट कॉमिक बुक हीरोज’ १९६५ चे. ते प्रेमाने लिहिले आहे आणि आजही सुरुवातीला तेच वाचावे. उंबेर्तो एको यांनी सुपरमॅनच्या कालकल्पनेवर १९६२ मध्येच निबंध लिहिला होता. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९७० च्या सुमारास, इतर ग्रंथपाल नाक मुरडत असताना, स्वस्त कॉमिक्स जमवायला सुरुवात केली; आज तो संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांत गणला जातो. स्कॉट मॅक्लाउड यांच्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ने १९९३ मध्ये चौकटी आणि त्यांच्यामधली मोकळी जागा यांविषयी बोलायची भाषा दिली. १९९४ पासून ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ स्वयंसेवकांच्या श्रमावर वाढतो आहे, आणि घरी बसून तो कुणालाही वापरता येतो.

या अंकांची गोडी खरी आहे, आणि ती कबूल करून अभ्यासाला बसावे. कथा पुष्कळदा बेतास बात असतात. खलनायक स्वतःची योजना स्वतःच सांगत सुटतो, फुग्यांत शब्दांची दाटी असते, शेवट दोन पानांत उरकलेला असतो. पण जॅक कर्बीचा एखादा मुष्टिप्रहार पानाबाहेर येतो तेव्हा, किंवा साल ब्युसेमाने महिन्याच्या मुदतीत काढलेल्या साध्या, स्वच्छ चौकटींत कोण कुठे उभा आहे आणि कुणाला किती लागले आहे हे एका नजरेत कळते तेव्हा, आपण कुशल कारागिरांच्या सहवासात आहोत याची खात्री पटते. २५ सेंटच्या वस्तूसाठी त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्या कामाला गांभीर्याने पाहणे हे आपले देणे आहे.

मराठी वाचकाला या क्षेत्रात उपरे वाटण्याचे कारण नाही. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले; फँटम, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन त्यातून आपल्याकडे आले, मराठीतही आले, आणि १९९० पर्यंत येत राहिले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर हा अस्सल देशी नायक त्यांच्या पंक्तीत बसला. भारतीय अंकांत फँटमच्या देशाचे नाव बदलून डेंकाली केले गेले, कारण मूळ नाव बंगालच्या फार जवळ जात होते. ‘सिंग’ नावाचे समुद्री चाचे ‘सिंगा’ झाले. अमेरिकेतल्या कुठल्याही पुनर्मुद्रणात हे बदल दिसणार नाहीत, ते फक्त आपल्या साठ पैशांच्या अंकांत आहेत. अमर चित्र कथेमुळे घरोघरी पोहोचलेले प्रताप मुळीक यांनीच पुढे १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या ‘नागराज’चे सुरुवातीचे अंक काढले. रंगांचे संकेत, जाहिराती, पत्रे, खपाची निवेदने यांविषयी वर जे लिहिले आहे ते सगळे प्रश्न आपल्या अंकांनाही विचारता येतात.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. घरात, गावच्या वाड्यात, शाळेच्या कपाटात मराठी इंद्रजालचे किंवा इतर कुठल्याही कॉमिक्सचे जुने अंक असतील तर ते रद्दीत देण्याआधी एकेक उघडून पाहा. अंकाचा क्रमांक, महिना, किंमत, अनुवादकाचे नाव असल्यास ते, मागच्या पानावरची जाहिरात आणि कुणी घातलेले नाव किंवा लायब्ररीचा शिक्का, एवढे एका वहीत उतरवा. मुखपृष्ठ फाटलेले असले, पाने कमी असली तरी उतरवा. मग ते अंक जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या, आणि सोबत ती वहीही द्या.